उणे साठ अंशात 'प्लीज' आणि 'थँक यू'

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. मध्ये रिलीज होतं, मग रिलीजनंतरचे बग्ज होते, मग त्या बग्जच्या फिक्सेसचे बग्ज... असो. आज विषय थंडीचा आहे आणि सुरुवात माझ्या एका लाजिरवाण्या गोष्टीपासून करतो.

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण रतनगड ते हरिश्चंद्रगड चालत गेलो. कात्राबाईच्या खिंडीतून जाणारी ही वाट भटक्यांना माहीत असेलच. दुसऱ्या रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार झाला, दव पडायला लागलं, आणि पक्याच्या सॅकमधली काडेपेटी ओली निघाली. लायटर आणायचं कामही त्याच्याकडेच होतं, तो विसरला होता. थंडी किती असेल? फार तर सात-आठ डिग्री. पण दिवसभर चालून पाय गेले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि मी पक्यावर जे काही तोंड सोडलं ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी शेजारच्या ग्रुपकडून काडेपेटी आणली, मॅगी झाली, सगळे झोपले. पण पक्या त्यानंतर परतीच्या प्रवासात माझ्याशी फारसा बोलला नाही.

परत आल्यावर योगायोगाने जे पुस्तक हातात आलं, त्यामुळे ही गोष्ट जास्तच टोचायला लागली. पुस्तक आहे 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड', १९२२ सालचं. लेखक ॲप्सली चेरी-गॅरार्ड. नाव ऐकून वाटतं की हे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचं वर्णन असणार. ते आहेच. पण नावात जो 'सगळ्यात वाईट प्रवास' आहे, तो स्कॉटचा नाही. तो आहे तीन माणसांनी १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात, ठार अंधारात, पेंग्विनची अंडी आणायला केलेल्या पाच आठवड्यांच्या पायपिटीचा. आज त्याबद्दल सांगतो. मोठ्या पराक्रमापेक्षा मला त्यातला 'रोजचा दिवस' जास्त सांगायचाय. सकाळी उठायचं कसं, जेवायचं काय, झोपायचं कसं, वगैरे.

आधी पात्रपरिचय. एडवर्ड विल्सन, वय ३८. डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार, मोहिमेच्या शास्त्रीय विभागाचा प्रमुख. सगळे त्याला 'बिल' म्हणत. दुसरा हेन्री बॉवर्स, 'बर्डी'. वय २७, बुटका, दणकट, आणि थंडी म्हणजे काय असतं हे बहुधा माहीतच नसलेला. गंमत म्हणजे हा गडी आला होता रॉयल इंडियन मरीनमधून, म्हणजे ज्यांची मोठी गोदी आपल्या मुंबईत होती त्या आरमारातून. ब्रह्मदेशातली इरावती नदी आणि इराणचं आखात असल्या उकाड्यातली नोकरी सोडून तो थेट बर्फात! आणि तिसरा आपला लेखक, चेरी. वय २५, ऑक्सफर्डची इतिहासाची पदवी, ध्रुवीय अनुभव शून्य, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. मोहिमेसाठी त्याचा अर्ज आधी नाकारला गेला होता. तरीही त्याने हजार पौंडांची देणगी दिली, कुठलीही अट न घालता. स्कॉटला ते आवडलं आणि चेरी आत आला.

आता, अंडी कशाला? त्या काळात एक सिद्धांत जोरात होता की गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या उत्क्रांतीच्या पायऱ्या पुन्हा एकदा चढून जातो. एंपरर पेंग्विन हा अतिशय 'आदिम' पक्षी आहे असा समज होता. म्हणजे त्याचा गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत मिळाला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे खवले आणि पक्ष्यांची पिसं यांचा संबंध सापडेल, अशी विल्सनची आशा. अडचण एवढीच की हे महाशय अंडी घालतात ऐन हिवाळ्यात. आणि तेव्हा त्यांची माहीत असलेली वस्ती एकच, केप क्रोझिअर. मोहिमेच्या तळापासून, म्हणजे केप एव्हान्सपासून, ६७ मैलांवर.

६७ मैल म्हणजे सुमारे १०८ किलोमीटर. पुणे ते सातारा धरा. आपण मध्ये चहाला थांबून अडीच-तीन तासात पोचतो. यांना लागले १९ दिवस.

२७ जून १९११ ला हे तिघं निघाले. एप्रिलच्या शेवटी मावळलेला सूर्य ऑगस्टच्या उत्तरार्धाशिवाय उगवणार नव्हता. पाठीवर सॅक नव्हती, तर दोन घसरगाड्या, एकीमागे एक बांधलेल्या, त्यावर ७५७ पौंड सामान. माणशी जवळजवळ ११५ किलो. कुत्रे नाहीत, घोडे नाहीत. खांद्या-कमरेला पट्टे बांधून माणसांनीच ओढायचं.

इथे जरा भौतिकशास्त्र. आपल्याला वाटतं बर्फ म्हणजे घसरडा. पण घसरगाडी घसरते ती तिच्याखाली पाण्याचा अगदी पातळ ओलसर थर असतो म्हणून. थंडी उणे ४०-५० च्या खाली गेली की तो थर जवळजवळ मिळेनासा होतो आणि बर्फाचे कण चक्क वाळूसारखे वागायला लागतात. म्हणजे हे लोक ३०० हून जास्त किलो सामान वाळूतून ओढत होते. थोड्याच दिवसात दोन्ही गाड्या एकदम हलेनात. मग काय, एक गाडी थोडं अंतर पुढे न्यायची, ती तिथे ठेवून मागे यायचं, दुसरी ओढत आणायची. एक मैल पुढे सरकायला तीन मैल चालणं. आणि तेही अंधारात, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांचे ठसे शोधत. कधी कधी सात-आठ तास राबून दिवसाची प्रगती दीड मैल. (आपल्याकडे काही प्रोजेक्ट्सचं असंच असतं, पण निदान एसी असतो!)

दिशेसाठी आकाशात गुरू होता. चेरीचा चष्मा निरुपयोगी झाला होता, कारण श्वासाच्या वाफेने काचांवर लगेच बर्फ जमायचा. त्यामुळे त्याला जे काही दिसत असेल ते धूसरच. तो लिहितो की नंतर आयुष्यभर गुरू दिसला की त्याला जुना मित्र भेटल्यासारखं वाटायचं.

आता दिवस कसा जायचा ते बघू.

सकाळ. ('सकाळ' म्हणायचं, बाहेर काळोखच.) विल्सन हाक मारायचा, उठा. त्या हाकेपासून ते पट्टे बांधून चालायला तयार होईपर्यंत कमीत कमी चार तास जायचे. चार तास! स्टोव्ह पेटवायचा तर काड्या पेटत नसत. बाहेरच्या थंडीतून तंबूच्या मानाने उबदार हवेत आणल्या की त्यांच्यावर ओल धरायची. तीन-चार पेट्या चाळल्यावर एखादी काडी पेटायची. (हे वाचताना मला कोण आठवलं असेल ते सांगायला नको.) धातूला उघडा हात लागला की कातडी चिकटणार. पट्टा बांधायला एका माणसासाठी दोन माणसं लागायची, कारण पट्ट्याचं कॅनव्हासही गोठलेलं आणि कपडेही. आणि त्या दोघांनाही कधी कधी तो वाकवता यायचा नाही.

कपड्यांचा एक किस्सा तर अफलातून आहे. एकदा चेरी तंबूतून बाहेर आला आणि इकडेतिकडे बघायला मान वर केली. १५ सेकंदांत त्याचे कपडे तसेच गोठले. मान खाली येईना. पुढचे चार तास तो आकाशाकडे तोंड करून गाडी ओढत होता. त्यानंतर तिघांनी नियमच केला, बाहेर पडल्या पडल्या गाडी ओढायच्या पोझमध्ये वाकून उभं राहायचं. म्हणजे गोठलो तरी सोयीच्या आकारात गोठू.

बोटांचं सांगायचं तर बॅरिअरवर, म्हणजे त्या अफाट हिमपठारावर, चढतानाच चेरीने दोर ओढायला हातमोजे काढले आणि दहाही बोटांना हिमदंश झाला. मोठमोठे फोड आले. पुढे त्या फोडांमधलं पाणीसुद्धा गोठलं. त्या हातांनी पुढे महिनाभर गाठी सोडणं, स्टोव्ह लावणं, सगळं केलं. पायांचं आणखी अवघड. पाय दुखतायत तोवर ठीक, दुखायचे थांबले की धोका. विल्सन डॉक्टर, तो सारखा विचारत राहायचा, पाय कसे आहेत? आणि उत्तराच्या सुरावरून तंबू ठोकायचा की अजून चालायचं ते ठरवायचा.

जेवण. मेनूत चारच गोष्टी: पेमिकन (वाळवलेलं मांस आणि चरबी यांचा गोळा, पाण्यात उकळून त्याचं दाट सूप करायचं), बिस्किटं, लोणी आणि चहा. साखर नाही, कोको नाही. कारण या प्रवासात एक प्रयोगही चालू होता. ध्रुवाच्या मोहिमेसाठी कुठला शिधा चांगला ते ठरवायचं म्हणून विल्सनने जास्त लोणी खायचं, बॉवर्सने जास्त पेमिकन आणि चेरीने जास्त बिस्किटं. थोडक्यात फॅट, प्रोटीन आणि कार्ब्सची ट्रायल, टेस्ट केसेस तीन. चेरीला सारखी भूक लागायची आणि थंडीही जास्त वाजायची. विल्सनला एवढं लोणी संपायचं नाही. शेवटी दोघांनी आपापसात अदलाबदल केली आणि दिवसाला १२ औंस पेमिकन, १६ औंस बिस्किटं, ४ औंस लोणी असा मेळ बसवला. ध्रुवाच्या पठारावरचा शिधा ठरवताना हा अनुभव उपयोगी पडला. आज आपल्याला माहीत आहे की तो शिधाही कमीच होता. दिवसाला साधारण साडेचार हजार कॅलरीज, आणि गाडी ओढणाऱ्या माणसाला लागतात सहा हजारांच्या वर. शिवाय क जीवनसत्त्व नाहीच. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक!

आणि रात्र. दिवसभराच्या श्रमानंतर झोप म्हणजे सुख, ही आपली कल्पना. इथे उलट. सगळ्यात भयंकर भाग झोपेचा. रेनडिअरच्या कातड्याच्या स्लीपिंग बॅग्ज होत्या. घामाची आणि श्वासाची वाफ बाहेर जाऊच शकत नव्हती, ती बॅगेतच गोठायची. दुसऱ्या रात्री अंगाच्या उबेने ती वितळायची, माणूस ओला व्हायचा, आणि सकाळी ते पाणी पुन्हा गोठायचं. रोज थोडं थोडं. मेमरी लीकच म्हणा ना, रीस्टार्ट करायची सोय नसलेला. परत येईपर्यंत बॅगांचं वजन दुपटीहून जास्त झालं होतं, आणि ते जास्तीचं सगळं वजन म्हणजे त्यांचाच घाम आणि श्वास. सकाळी बॅगेतून निघताना तोंडाशी कपड्यांचं गाठोडं कोंबायचे, म्हणजे ती बंद अवस्थेत गोठणार नाही आणि रात्री निदान पाय घालायला भोक राहील. मग रात्री एकेक इंच वितळवत आत सरकायचं. आत गेल्यावर सात तास नुसतं कुडकुडायचं. चेरी लिहितो की पाठ मोडेल असं वाटण्याइतका तो थरथरायचा. दातांच्या आतल्या नसा मेल्या आणि पुढे दात तुकडे होऊन पडले.

६ जुलैला दुपारच्या जेवणानंतर बॉवर्सने तापमान घेतलं. उणे ७७.५ फॅरनहाइट, म्हणजे उणे ६०.८ सेल्सियस. चेरीचं त्यावरचं मत असं की त्या दिवशी त्याला कळलं, विक्रम करण्यात काही अर्थ नसतो.

१५ जुलैला ते केप क्रोझिअरला पोचले. डोंगरउतारावर दगड रचून झोपडी बांधली, एक गाडी आडवी टाकून तिच्यावर कॅनव्हासचं छप्पर. २० जुलैला कडे आणि बर्फाच्या भेगा पार करून पेंग्विनांपर्यंत पोचले. दोन हजार असतील अशी अपेक्षा, निघाले शंभरेक. पाच अंडी उचलली. वर चढताना चेरीच्या गळ्यात लटकवलेल्या हातमोज्यांतली दोन फुटली. राहिली तीन.

आणि मग वादळ आलं. २२ जुलैला तंबू उडून गेला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे विल्सनच्या ३९ व्या वाढदिवशी, झोपडीचं छप्पर फाटून चिंध्या झाल्या. तंबू नाही म्हणजे परतीचा रस्ता नाही, हे तिघांना कळत होतं. उघड्यावर, बॅगांमध्ये, अंगावर बर्फ साचत असताना ते पडून राहिले. मधून मधून गाणी म्हणायचे आणि एकमेकांना ढोसून बघायचे, जिवंत आहे ना. मरणार याची चेरीला जवळजवळ खात्री होती, आणि त्याला प्रकर्षाने काय हवंसं वाटत होतं? डबाबंद पीच, पाकासकट. मला हे फार खरं वाटलं.

जवळजवळ दोन दिवसांनी वारा थोडा पडला. पहिलं जेवण झालं, त्यात पेंग्विनची पिसं, रेनडिअरचे केस आणि माती असं सगळं होतं. मग तिघं तंबू शोधायला निघाले आणि बॉवर्सला तो अर्ध्या मैलावर उताराखाली सापडला, जवळपास धड! त्यानंतर बॉवर्स रात्री तंबूला दोरी बांधून दुसरं टोक स्वतःला बांधून झोपायचा. तंबू गेला तर मीही जाणार, असा हिशोब.

आता ज्या गोष्टीसाठी हा एवढा पसारा मांडला, ती. बॉवर्सकडे पिसांचं एक अस्तर होतं, बॅगेच्या आत घालायचं. त्याने ते वापरलंच नव्हतं, त्यामुळे कोरडं आणि मऊ राहिलं होतं. चेरीची अवस्था बघून तो ते देऊ करत होता आणि चेरी नाही म्हणत होता. शेवटी वादळानंतर चेरीने ते घेतलं, कारण झोप मिळाली नसती तर तो निकामी झाला असता. घेताना आपण जनावर आहोत असं वाटलं, असं तो लिहितो. अकरा वर्षांनी लिहितानासुद्धा त्याला ते विसरता आलेलं नाही.

आणि तो आणखी एक सांगतो. या सगळ्या पाच आठवड्यांत तिघांपैकी कुणी कुणावर चिडलं नाही. 'प्लीज' आणि 'थँक यू' शेवटपर्यंत टिकलं. अंधारात, गोठलेल्या बोटांनी, 'जरा तो मग देतोस का, प्लीज?' मला आधी हे ब्रिटिश नाटक वाटलं. मग वाटलं, नाही, हे सामानच होतं. स्टोव्हइतकंच गरजेचं. तीन माणसं, एक तंबू, बाहेर उणे साठ. तिथे एकदा 'काड्या तू ओल्या केल्यास' सुरू झालं असतं, तर तिघंही परत आले नसते.

१ ऑगस्टला रात्री ते तळावर पोचले. अंगावरचे कपडे कापून काढावे लागले.

पुढचं थोडक्यात. विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले. १७ जानेवारी १९१२ ला पोचले, अमुंडसेन तिथे १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता. परतताना मार्चअखेर ते तंबूतच गेले, शिधा ठेवलेल्या जागेपासून ११ मैलांवर. त्याच मार्च महिन्यात चेरी त्या जागेवर वाट बघून परत फिरला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांना शोधायला जी तुकडी गेली, तिच्यात तोही होता. (त्या तुकडीबरोबर हिंदुस्थानातून पाठवलेली सात खेचरं होती. नावं बघा: गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, लाल खान, खान साहिब!) ते ११ मैल चेरीला आयुष्यभर सुटले नाहीत. १९५९ मध्ये तो गेला.

आणि अंडी? १९१३ मध्ये चेरी स्वतः ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये घेऊन गेला. त्याने लिहिल्याप्रमाणे तिथे कुणाला फारसं कौतुक नव्हतं, साध्या पावतीसाठी त्याला ताटकळत बसावं लागलं. अंड्यांचा अखेरचा अहवाल यायला १९३४ उजाडलं. निष्कर्ष असा की त्यातून फारसं नवीन काही मिळालं नाही. मधल्या काळात तो गर्भाचा सिद्धांतच शास्त्रज्ञांनी मोडीत काढला होता.

म्हणजे सगळं फुकट? माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही चौदा महिने खपून बनवलेलं प्रॉडक्ट एका मेलमध्ये बंद झालं होतं. तेव्हा मी ठामपणे 'फुकट' म्हणालो असतो. आता तेवढी खात्री नाही. सिद्धांत चुकीचा आहे हे कळायलाही कुणीतरी अंडी आणायलाच लागतात. आणि चेरीचं पुस्तक वाचताना जाणवतं की त्याला अंड्यांचं दुःख फारसं नाहीच. त्याला आठवतायत ते दोघं. त्यांनी अंधारात कसं वागवलं, ते.

आता माझी उरलेली गोष्ट, जी सुरुवातीला मुद्दामच सांगितली नाही. त्या रात्री पक्यावर ओरडून झाल्यावर मी झोपायला गेलो, तेव्हा माझे मोजे दवाने ओले झाले होते. पक्याने काही न बोलता स्वतःचा कोरडा जादा जोड माझ्या सॅकवर ठेवला. मी तो घातला आणि झोपलो. थँक यूसुद्धा म्हणालो नाही.

पुस्तक संपल्यावर त्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी कसंबसं सॉरी म्हटलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, "मोजे परत दे आधी."

धुऊन ठेवलेत. रविवारी नेऊन देतोय.